ओव्हरीत सिस्ट निघाली? आमच्या घरात झालेल्या या चुका टाळा

सोनोग्राफीचा लिफाफा हातात पडला की आपण काय करतो, सरळ शेवटची ओळ वाचतो. मीपण तेच केलं, पार्किंगमध्ये, स्कूटीवर बसून, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. डावी ओव्हरी (म्हणजे अंडाशय), सिस्ट (म्हणजे आत पाणी-रक्त असं काही भरलेली गाठ), ५८ बाय ५१ मिमी असं लिहिलेलं आणि मला त्यातलं मिमी दिसलंच नाही, नुसतं अठ्ठावन्न दिसलं. पोटात कलिंगड आहे की काय असं वाटून हातपाय गार पडले. घरी पोचेस्तोवर बहिणीला फोन झाला, बहिणीने आईला केला, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंचा आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वराला नवस बोलून झाला होता, जाऊबाईंनी कुठल्यातरी काढ्याची बाटली मागवली होती आणि समोरच्या काकू येऊन सांगून गेल्या होत्या की "पिशवीच काढून टाक की गं, मोकळी हो एकदाची". मी तेव्हा ३४ वर्षांची होते.

सहा वर्षं झाली त्याला. मधल्या काळात मावसबहिणीचं झालं, मग सासूबाईंचं निघालं, त्यामुळे या विषयात आमच्या घराची बऱ्यापैकी फी भरून झालीय. मी डॉक्टर नाही हां, चादरीच्या एका होलसेल दुकानात अकाउंट्स बघते, दिवसभर आकडे जुळवते. म्हणून त्याच नजरेनं सांगते, सिस्टच्या बाबतीत एकटा आकडा काही कामाचा नाही. मागच्या वेळी किती होती, पाळीच्या कितव्या दिवशी मोजली, आत काय आहे आणि बाईचं वय काय, एवढं शेजारी लिहिलं की मग त्या आकड्याला अर्थ येतो. आमच्या जवळपास सगळ्या चुका हे शेजारी न लिहिल्यामुळे झाल्या.

साईज बघून घाबरणं, आणि साईज बघून निवांत होणं

आधी ते मिमी-सेमीचं मिटवू. ५८ मिमी म्हणजे ५.८ सेमी, मोठं लिंबू धरा. सात-साडेसातच्या पुढं गेली की लहान डाळिंब. एका सेंटरचा रिपोर्ट सेमीत असतो, दुसऱ्याचा मिमीत, आणि घरातले लोक ५.८ च्या शेजारी ४९ बघून म्हणतात "अगं केवढी वाढली!" हसू नका, आमच्याकडं झालंय हे.

आता मूळ गोष्ट. पाळी चालू असलेल्या प्रत्येक बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला एक पाण्याचा फुगा तयार होतोच, त्यातच अंडं असतं, साधारण २ ते २.५ सेमीचा झाला की फुटतो आणि अंडं बाहेर पडतं. म्हणजे ३ सेमीपर्यंतचं काही दिसलं तर बऱ्याचदा ती त्या महिन्याची नेहमीची कामगिरी असते, तिला आजार म्हणायचं कारण नाही. कधी तो फुगा फुटत नाही आणि वाढत जातो, कधी फुटल्यावर त्यात परत पाणी किंवा रक्त साठतं. ह्या झाल्या फंक्शनल सिस्ट, आणि यातल्या बहुतेक दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरून जातात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची गाईडलाईन तर सांगते की पाळी चालू असलेल्या बाईची साधी सिस्ट ५ सेमीच्या आत असेल तर परत सोनोग्राफीची सुद्धा गरज नसते, ५ ते ७ असेल तर वर्षातून एकदा बघा, ७ च्या वर असेल तर एमआरआय नाहीतर ऑपरेशनचा विचार करा. आपल्याकडे डॉक्टर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी बोलावतात, तेही ठीकच आहे, मनाची शांती होते.

पण वरच्या वाक्यात 'साधी' हा शब्द आहे, तो गाळून वाचू नका. रिपोर्टमध्ये 'सिंपल' लिहिलंय का ते शोधा. म्हणजे एकच कप्पा, पातळ भिंत, आत स्वच्छ पाणी. त्याऐवजी सेप्टा म्हणजे आत पडदे, सॉलिड भाग, भिंतीला आतून कोंब आल्यासारखं, त्या भागात रक्तप्रवाह, किंवा पोटात पाणी, असलं काही लिहिलं असेल तर मग ४ सेमीची सिस्ट पण ७ सेमीच्या साध्या सिस्टपेक्षा जास्त महत्त्वाची. आजकाल काही रिपोर्टमध्ये ओ-रॅड्स असा नंबर पण देतात. २ म्हणजे कॅन्सरची शक्यता १ टक्क्यापेक्षा कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५०, आणि ५ म्हणजे ५० च्या वर. रिपोर्टमध्ये हा नंबर असेल तर साईजच्या आधी तो बघा.

चुकीच्या दिवशी सोनोग्राफी, आणि दरवेळी नवीन सेंटर

ही चूक मी स्वतः केली आणि तिनं माझे तीन महिने खाल्ले.

पहिल्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला ती ५.८ ची. बाईंनी, म्हणजे आमच्या गायनॅकनी, रिपोर्ट बघून सांगितलं की आतमध्ये रक्त साठलंय, हेमोरेजिक आहे, जाळीसारखं दिसतं ते, जाईल आपोआप, आठ आठवड्यांनी पाळी संपल्या संपल्या या. मी "हो" म्हटलं आणि त्यातलं आठ आठवडे तेवढं लक्षात ठेवलं. पाळीचं विसरले. दुकानात दिवाळीच्या ऑर्डरींची गडबड, मग ज्या दिवशी सुट्टी मिळाली त्या दिवशी गेले, तो होता माझा पाळीचा विसावा-एकविसावा दिवस. शिवाय आधीच्या सेंटरला गर्दी म्हणून दुसरीकडे गेले. आणि जुना रिपोर्ट घरी कपाटात.

रिपोर्ट आला, उजवी ओव्हरी, सिस्ट, ३.४ सेमी. डाव्या ओव्हरीपुढं नॉर्मल लिहिलेलं. पण तिकडं कोण बघतंय, मी ऐकलं एवढंच की सिस्ट आहे. आणि घरी येऊन मी रडत सांगितलं की गाठ डावीकडून उजवीकडं पसरली. नवऱ्यानं रात्री बसून पुण्याच्या डॉक्टरांचे नंबर काढले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही फिल्म त्या उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि मला उभं करून दाखवलं. "ही डावी, जिच्यासाठी आपण थांबलो होतो, ती गेली. ही उजवी या महिन्याची आहे, अंडं बाहेर पडल्यावर जे उरतं ते. तुम्ही एकविसाव्या दिवशी आलात, एकविसाव्या दिवशी हे दिसणारच." म्हणजे मी ज्याला पसरणं म्हणत होते ती माझी ओव्हरी रोजचं काम करत होती. पुढच्या महिन्यात सहाव्या दिवशी परत बघितलं, दोन्ही बाजू साफ.

तेव्हापासून माझा नियम, पाळी सुरू झाल्याच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात जायचं, शक्यतो त्याच सेंटरला, आणि जुना रिपोर्ट फिल्मसकट टेबलावर ठेवून सांगायचं की याच्याशी कम्पेअर करून लिहा. शेवटच्या पाळीची तारीख तिथं विचारतात तेव्हा अंदाजे सांगू नका, मोबाईलमध्ये नोंद ठेवा. मी एका वहीच्या पानावर रकाने आखलेत, तारीख, पाळीचा दिवस, बाजू, साईज, आत काय. पाचच रकाने आहेत पण दुसऱ्या डॉक्टरकडं जायची वेळ आली तर अर्धी हिस्टरी त्यातच असते.

आणखी एक, पोटावरून करायची असेल तर लघवी साठवून जायचं, आतून करायची असेल तर लघवी करून जायचं. आतून केलेली जास्त स्पष्ट दिसते, पण लग्न न झालेल्या मुलींची सहसा पोटावरूनच करतात. बऱ्याच बायका आतून म्हटलं की घाबरून नको म्हणतात आणि मग रिपोर्टवर 'नीट दिसलं नाही' असं लिहून येतं. दोन मिनिटं अवघडल्यासारखं होतं, दुखत फारसं नाही.

पीसीओडी आणि सिस्ट एकच समजणं

भाचीचा रिपोर्ट आला, दोन्ही ओव्हरीत बारीक बारीक बऱ्याच सिस्ट. घरात रडारड. पीसीओडीत, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरीत, जे दिसतं ते २ ते ९ मिमीचे अर्धवट वाढून थांबलेले फुगे असतात, त्या गाठी नव्हेत, त्यांना काढायचं नसतं आणि दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून मोजायचंही नसतं. तिथं लक्ष वजन, शुगर, पाळीची तारीख याच्याकडं द्यायचं. नावात सिस्ट आहे म्हणून सगळा घोटाळा, नाव ठेवणाऱ्याला एकदा सोलापूरच्या उन्हात उभं करायला पाहिजे.

"दुखत नाही ना, मग कशाला जायचं"

मावसबहिणीला डर्मॉइड होती. डर्मॉइड म्हणजे ज्यात चरबी, केस, कधीकधी दात पण सापडतात, ऐकायला भुताटकी वाटते पण बहुतेक वेळा साधी असते आणि वर्षाला एक-दोन मिमी अशा कासवाच्या चालीनं वाढते. फक्त ती जिरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. माझी रक्ताची होती, जाणारी होती, थांबण्यात अर्थ होता. हिची जाणारी नव्हतीच. सोनोग्राफीत ६ सेमी होती, डॉक्टरांनी दुर्बिणीनं काढून घ्या म्हणून सांगितलं होतं, घाई नाही पण काढा. घाई नाही एवढंच तिनं ऐकलं. दोन वर्षं गेली. दुखत नव्हतं, म्हणून.

संक्रांतीच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, सगळे घरचे नंदीध्वज बघायला गेलेले आणि ही घरी, तर दुपारी एकदम उजव्या बाजूला असं दुखायला लागलं की ती भिंतीला धरून खाली बसली. दोन उलट्या. शेजारच्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन दिलं, थोडं कमी झालं, घरी आली. मला फोन केला, "दुखायलाय गं अजून, पण येतंय जातंय". मी पण शहाणी, म्हटलं यात्रेत काहीतरी बाहेरचं खाल्लं असशील. ती म्हणाली "मी यात्रेला गेलेच नाही". तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. संध्याकाळी परत तसंच सुरू झालं तेव्हा मावशीला ती जुनी डर्मॉइड आठवली. रस्ते गर्दीनं बंद, रिक्षावाल्यानं गल्लीबोळातून काढलं.

ओव्हरीला पीळ पडला होता. गाठ जड असली, ५ सेमीच्या वर असली, की ओव्हरी आपल्या देठावर फिरते आणि तिचा रक्तपुरवठा आवळला जातो, चिंचेच्या बोटकाला पीळ द्यावा तसं. अर्धवट पीळ सुटतो परत बसतो म्हणून दुखणं येतंजातं, आणि इथंच लोक फसतात. दुसरी फसगत अशी की कलर डॉपलरमध्ये रक्त वाहताना दिसलं तरी पीळ नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही. आमच्याकडं डॉपलरमध्ये थोडा प्रवाह दिसत होता, पण ज्या सर्जननी बघितलं त्या म्हणाल्या की मी पोट तपासलंय, मी थांबणार नाही. रात्री ऑपरेशन झालं. ओव्हरी काळी-निळी झालेली, पीळ सोडवला, थांबून बघितलं, रंग थोडा परत आला, गाठ काढली आणि ओव्हरी ठेवली. काळी दिसली म्हणजे मेलीच असं नसतं, बऱ्याचदा ती सावरते, हे मला तेव्हा कळलं. तरुण मुलीच्या बाबतीत ओव्हरी वाचवता येईल का हा प्रश्न नातेवाईकांनी आत जायच्या आधीच विचारायला पाहिजे.

म्हणून हे पाठ करा. अचानक, एका बाजूला, जोरात दुखणं आणि सोबत उलटी. चक्कर येऊन पडणं. ताप. यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्रीचे दोन वाजले असले तरी, जिथं ऑपरेशन होतं अशा ठिकाणी जायचं, छोट्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परत यायचं नाही. आणि सांगताना पहिलं वाक्य हे की "हिला ओव्हरीत सिस्ट आहे, एवढ्या सेमीची". आम्ही पहिल्या दवाखान्यात हे सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यांना तरी काय दोष देऊ. पाळी चुकलेली असेल तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, कारण गर्भ नळीत राहिला तरी असंच दुखतं आणि ते जास्त धोक्याचं.

सीए-१२५ वाढला म्हणजे कॅन्सर

ह्या रक्ताच्या टेस्टनं जेवढ्या घरांची झोप उडवलीय तेवढी कशानंच उडवली नसेल. नॉर्मल ३५ च्या आत धरतात. पण चॉकलेट सिस्टमध्ये (एंडोमेट्रिओसिसची, जुन्या घट्ट रक्तानं भरलेली गाठ) वाढतो, फायब्रॉइडमध्ये म्हणजे गर्भाशयाच्या साध्या गाठींमध्ये वाढतो, आतल्या इन्फेक्शनमध्ये, पोटाच्या टीबीमध्ये, प्रेग्नन्सीत, अगदी पाळी चालू असताना रक्त दिलं तरी वाढलेला येतो. आणि उलटं पण आहे, पहिल्या स्टेजच्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये साधारण अर्ध्या जणींचा हा नॉर्मलच असतो. म्हणजे पस्तिशीच्या आतल्या बाईची साधी सिस्ट आहे आणि कुणी पॅकेजमध्ये ही टेस्ट टाकून दिली तर तो आकडा तुम्हाला शहाणं करत नाही, फक्त जागं ठेवतो. लहान वयात गाठ गुंतागुंतीची दिसत असेल तर एलडीएच, एएफपी, बीटा एचसीजी हे रक्तातले वेगळे मार्कर बघतात, ते डॉक्टर लिहून देतील.

पाळी गेलेल्या बायकांत मात्र सीए-१२५ ला वजन आहे. तिथं डॉक्टर लोक एक गुणाकार करतात, आरएमआय म्हणजे कॅन्सरच्या धोक्याचा आकडा म्हणतात त्याला, आणि मला तो लई आवडला कारण शेवटी कुणीतरी आमच्या भाषेत बोललं. सोनोग्राफीत बरेच कप्पे, सॉलिड भाग, दोन्हीकडं गाठी, पोटात पाणी, दुसरीकडं पसरल्याची खूण, यातलं काहीच नाही तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेलेली असेल तर ३. ह्या दोन्हीला सीए-१२५ च्या आकड्यानं गुणायचं. २०० च्या वर गेलं की कॅन्सरच्या सर्जनकडं. सासूबाईंचं आलं ० गुणिले ३ गुणिले १८, म्हणजे शून्य. मी तिथंच खुर्चीत हसले.

पाळी गेल्यावरचं "गॅसच असेल"

पण त्या शून्यापर्यंत पोचायला आम्हाला चार महिने लागले, आणि ते बरोबर नव्हतं. सासूबाई ६३ च्या. पोट फुगल्यासारखं वाटतं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं, सारखं लघवीला जावं लागतं. आम्ही काय केलं, शेंगा चटणी बंद केली. मग गॅसच्या गोळ्या. मग ओवा. सुदैवानं त्यांची सिस्ट ३.१ सेमीची साधी निघाली आणि पोट फुगायचं कारण वेगळंच होतं. पण हीच लक्षणं, पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी, ही ओव्हरीच्या कॅन्सरची पण असतात, आणि पन्नाशीनंतर नव्यानं सुरू होऊन महिन्यातले बारा-पंधरा दिवस होत असतील तर गॅस म्हणून सोडायचं नाही, सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून टाकायचं. घरात आई, बहीण, मावशी, आत्या कुणाला ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेला असेल तर तेही सांगायचं, कुणी विचारलं नाही तरी.

पाळी गेल्यानंतर निघालेली साधी, एकाच बाजूची, ५ सेमीच्या आतली सिस्ट आणि सीए-१२५ नॉर्मल, तर लगेच ऑपरेशन लागत नाही. चार ते सहा महिन्यांनी परत बघतात, वर्षभर तशीच राहिली किंवा लहान झाली तर सोडून देतात. सासूबाईंना वर्षानंतर सोडलं. नवस त्यांनी फेडला, ते वेगळं.

गोळ्या, काढा आणि सुईनं पाणी काढणं

गर्भनिरोधक गोळ्या दिल्या की सिस्ट लवकर विरघळते असा समज आहे. अभ्यासांमध्ये असं दिसलंय की गोळी घेतलेल्या आणि नुसत्या थांबलेल्या बायकांत फंक्शनल सिस्ट जायचा वेग साधारण सारखाच. गोळीनं नवीन होणं कमी होतं, म्हणून ज्यांना वारंवार होतात त्यांना देतात, ते योग्य आहे. काढ्याचं म्हणाल तर माझी ५.८ ची गेली तेव्हा जाऊबाईंनी अख्ख्या गल्लीत सांगितलं की काढ्यानं गेली. बाटली कपाटात सीलबंद होती. जाणारी सिस्ट काहीही प्यायलं तरी जाते, फक्त डर्मॉइड आणि चॉकलेटवाल्या बायका त्याच भरवशावर वर्ष घालवतात, माझा राग त्यावर आहे.

सुईनं पाणी काढून घेणं स्वस्तात पटतं, पण भिंत आतच राहते, परत भरते. आणि गाठ संशयाची असेल तर सुई टोचूच नये, कॅन्सर असला आणि गाठ आत फुटली तर त्याची स्टेज वर जाते. संशय असेल तर पहिलंच ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडं करा, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं गेलं म्हणजे कॅन्सरच ठरला असं नसतं.

प्रेग्नन्सीत पहिल्या तीन महिन्यांत दिसणारी सिस्ट बहुतेक वेळा गर्भाला सांभाळणारीच असते, चौथ्या महिन्यापर्यंत जाते. तिला हात लावायची घाई कुणी करत असेल तर दुसरं मत घ्या.

"पिशवीच काढून टाका"

समोरच्या काकूंवर माझा राग नाही, त्यांची स्वतःची पिशवी ३८ व्या वर्षी काढलेली. कारण विचारलं तर "गाठ होती". कुठं होती ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. सिस्ट ओव्हरीत असते, पिशवी म्हणजे गर्भाशय. एका साध्या सिस्टसाठी गर्भाशय काढणं म्हणजे नळ गळतो म्हणून टाकी उतरवणं. आणि पिशवीसोबत दोन्ही ओव्हरी पण काढल्या की त्या दिवसापासून पाळी गेल्याचे सगळे त्रास चालू, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, पुढं हृदयाचा धोका.

हे फक्त काकूंचं नाही. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीच्या टोळ्या सीझनला आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर पण असतात, बैलगाडीच्या मागं बसलेली तिशीतली बाई दिसली की मला तो आकडा आठवतो. "नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगून कुणी एका सोनोग्राफीवर पिशवी काढायची तारीख देत असेल तर रिपोर्ट मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. सिव्हिलला पण स्त्रीरोगाची ओपीडी आहे, तिथं मेडिकल कॉलेजचे डॉक्टर बघतात.

ऑपरेशन ठरलंच तर

काढायची वेळ कधी येते ते एव्हाना आलंच असेल लक्षात. जात नाही आणि वाढतेय, ७ च्या वर आहे, आत संशयाचं काही आहे, पीळ पडलाय, नाहीतर दुखण्यानं रोजचं जगणं अवघड झालंय. तेव्हा उगीच लांबवू नका.

पण सही करायच्या आधी विचारा की फक्त गाठ काढणार की ओव्हरी पण. फॉर्मवर दोन्ही लिहिलेलं असेल तर का ते विचारा. एक ओव्हरी गेली तरी दुसरी काम करते, पाळी येते, दिवसही राहतात, त्यामुळे आभाळ कोसळत नाही, तरी ऑपरेशन झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. चॉकलेट सिस्ट असेल आणि मूल हवं असेल तर आणखी जपून, कारण ती सोलून काढताना भिंतीला चिकटलेली अंडी पण जातात, ऑपरेशननंतर एएमएच (ओव्हरीत अंडी किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) खाली आलेला बऱ्याच जणींना बघायला मिळतो. लहान चॉकलेट सिस्ट, त्रास नाही, तर काढायची गरज नसते. मोठी असेल तर आधी एएमएच करून घ्या आणि मूल कधी हवंय ते डॉक्टरांसमोर नवराबायकोनं दोघांनी सांगा. आमच्या दुकानातल्या एका मुलीनं हे सासूसमोर कसं बोलायचं म्हणून सांगितलंच नाही. मग ऑपरेशननंतर सांगितलं.

सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर होतंय का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा, ॲडमिट झाल्यावर कागद शोधत नवरा शहरभर फिरतो.

आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते, तिचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. टाके काढून झाले, बाई कामाला लागली, रिपोर्ट आणायला कोण जात नाही. मावसबहिणीचा रिपोर्ट तीन आठवडे काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, शेवटी मी दुपारच्या सुट्टीत जाऊन आणला. डर्मॉइड, साधी. तिच्या पानावर शेवटच्या रकान्यात तेवढं लिहिलं.